स्विमिंग पूलसह बंगला विकताय? या चुका टाळा

पुण्यात बाणेर-बावधनपासून मुळशीपर्यंत पूल असलेला बंगला विकायचा म्हटलं की मालक आधी पाणी निळंशार करून घेतात. त्या पाण्याखाली काय बिघडलंय, हे मात्र कुणी सांगत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘घेणारा बघून घेईल’ असं म्हणणं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ वाचा. जो दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने बघूनही कळणार नाही, तो सांगावाच लागतो. लपवला तर कायदा त्याला फसवणूक मानतो. करारात ‘जशी आहे तशी’ एवढं लिहून सुटू, या भ्रमात राहू नका.

मुळशीकडच्या एका व्यवहारात तळाच्या ड्रेनची, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या भोकाची, जाळी तुटलेली होती. पूल साफ करणाऱ्याने मालकांना तसं सांगितलंही होतं. ते गप्प राहिले. ताबा मिळाल्यावर घेणाऱ्यांचा मुलगा बुडी मारून तळाशी गेला आणि त्याचा हात त्या भोकात ओढला गेला. मामाने धावत जाऊन पंप बंद केला, म्हणून पोरगं वाचलं. एकच ड्रेन असला की पंपाची सगळी ओढ तिथेच लागते, आणि ती मोठ्या माणसालाही सुटत नाही. अशाच मृत्यूंनंतर अमेरिकेने २००७ साली कायदा करून सार्वजनिक पूलना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडे जाळी बदलण्याऐवजी लोक टाइल्स पॉलिश करतात!

पूलमधला दिवा लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच, पडतो, म्हणून तो बायपास करून ठेवणं हा तर गुन्हाच समजा. करंट गळतोय म्हणूनच तो पडतो. आधी गळती काढा, तोवर दिवा बंद ठेवा आणि घेणाऱ्याला सांगा.

खोली कुठे किती, हे काठावर रंगवा. ॲसिड आणि क्लोरीन एकाच कपाटात ठेवू नका, एकत्र आले की विषारी वायू होतो. कुंपणाचं फाटक आपोआप बंद होत नसेल तर तेही कळवा.

‘टोकन येऊ दे, मग सांगू’ म्हणणाऱ्या नवख्या एजंटांची मला चीड येते. मी टोकनआधीच पंप बंद करून, मालकांना शेजारी उभं करून पूल तपासतो, फोटो काढतो. दोषांची यादी हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतो आणि ती करारनाम्याला जोडतो. ताबा देताना पंपाचा मेन स्विच घरातल्या प्रत्येकाला दाखवतो, पोरांनाही.