सिंथ उघडायच्या आधी: किक बनवायची तयारी

आधी गाणं ठरवा, किक नंतर. किक म्हणजे इलेक्ट्रॉनिक गाण्यात ठेका धरणारा तो खालचा धप्प आवाज, आणि तो बनतो सिंथमध्ये, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. किक एका गाण्यासाठी बनते, सॅम्पलच्या (तयार आवाजांच्या) फोल्डरसाठी नाही, आणि "एक जबरी किक करून ठेवतो, कुठेही लावता येईल" असं म्हणून बसलं की सगळी संध्याकाळ नॉब फिरवण्यात जाते आणि हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा एक कागद घ्या, खरंच कागद, आणि त्यावर चार गोष्टी लिहा: टेम्पो (वेग) किती, गाणं कुठल्या स्केलमध्ये (सुरांच्या पट्टीत), बेस (खालच्या सुरांचं वाद्य) किकच्या मधल्या जागेत वाजणार की किकच्या सोबतच, आणि गाणं मुख्यतः कुठे ऐकलं जाणार, क्लबच्या सिस्टीमवर की लोकांच्या फोनवर. एवढं नक्की झालं की निम्मी किक झालीच म्हणून समजा, कारण पुढचे बहुतेक आकडे यातूनच निघतात.

टेम्पो सगळ्यात आधी का, तर लांबी. साठ हजाराला बीपीएमने (मिनिटाला किती बीट त्या आकड्याने) भागलं की एक बीट किती मिलिसेकंदांची ते कळतं, १२८ ला साधारण ४६९, म्हणजे बेस ऑफबीटवर (दोन बीटच्या बरोबर मध्ये) असेल तर किकचं शेपूट (मागे उरणारा घुमार) २३४ च्या आत संपायला हवं, नाहीतर ती बेसच्या अंगावर येणार. आता हेच १४५ च्या सायट्रान्सला (नाचाच्या वेगवान संगीताचा एक प्रकार) करून बघा, बीट ४१४ ची, तिचा चौथा भाग १०३, आणि तिथे किकनंतर लगेच बेसचे तीन फटके लागोपाठ येतात. ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० लाटा) एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच लाटा आहेत, आणि टोक (सुरुवातीचा टणका), ठोसा, वजन (खालचा घुमार) जे काय हवंय ते या पाचांमध्येच बसवायचंय. म्हणूनच टेक्नोची लांबलचक घुमणारी किक उचलून सायट्रान्समध्ये टाकली की चिखल होतो, किकमध्ये खोट नसते पण ती त्या जागेची नसते. कागदावर टेम्पोशेजारी हा मिलिसेकंदांचा आकडा लिहून ठेवा, काम करताना तो सारखा लागतो.

मग सूर. ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, एफ ४३.७, एफ शार्प ४६.२, जी ४९, ए ५५, आणि वरचा सी ६५.४, हे पाठच करून टाका. गाणं जी किंवा एफमध्ये असेल तर प्रश्न नाही, पण सी मायनरमध्ये असेल तर खालचा सी ३२.७ वर जातो आणि तेवढं खालचं बऱ्याच सिस्टीम वाजवतच नाहीत, सबचे (सब म्हणजे सगळ्यात खालचा बेस) डबे वाचवायला साउंडवाले तीस-चाळीसच्या खालचं कापूनच टाकतात, आणि वरचा सी घेतला तर किक हलकी वाटू शकते, मग अशा वेळी जी किंवा एफ धरा, दोन्ही सीशी जमतात. पण सुराचं एवढं डोक्यावर घेऊ नका. शेपूट छोटं असेल तर पाच लाटांत कानाला सूर नीट कळतच नाही, आणि कितीतरी उत्तम टेक्नो किक गाण्याच्या सुरात नसतात आणि कुणाचं काही अडत नाही. शेपूट लांब असेल, किकच बेसचं काम करत असेल, तेव्हा मात्र सूर चुकला की सगळं गाणं आजारी वाटतं, तिथे अजिबात सूट नाही.

आता खोली, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे बहुतेकांचं इथेच बिघडतं. पुण्यातल्या टूबीएचकेची दुसरी बेडरूम म्हणजे साधारण दहा बाय दहा, कोथरूड घ्या, वाकड घ्या, सिंहगड रोड घ्या, तेच. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या दुपटीने भागा, ५६ हर्ट्झ येतात. म्हणजे किकचं वजन जिथे असतं नेमकं तिथेच तुमची खोली स्वतः घुमते, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हीकडून त्याच जागी घुमते, उंचीही साडेनऊ-दहा फुटांचीच असते त्यामुळे तीही तिथेच भर घालते. भिंतीला टेकून बसलात तर ते ५६ डोक्यात घण घातल्यासारखं येणार आणि खोलीच्या मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होणार, कारण त्या लाटेचा दाब मध्यभागी शून्याकडे जातो. आता मधोमध बसलेला माणूस काय करणार, सब वाढवत बसणार, आणि ते गाणं बाहेर वाजलं की छाती दडपून जाणार.

म्हणून किकला हात लावायच्या आधी एवढं कराच. नुसती साइन वेव्ह (एकाच सुराची साधी लाट) घ्या, ४० हर्ट्झपासून ७० पर्यंत दोन-दोनने वर न्या, व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, खुर्चीही हलवायची नाही, आणि कुठे फुगतंय कुठे बसतंय ते त्याच कागदावर लिहा. मग खुर्ची पुढे-मागे करून बघा, समोरच्या भिंतीपासून खोलीच्या अडतीस-चाळीस टक्क्यांवर बसायचा एक ठोकताळा आहे, तिथून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम यांनी ५० हर्ट्झला काहीही होत नाही, त्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर आहे हो, ती त्या फोमला कशाला जुमानेल. गोधडी, गादी, पडदे यांनी टाळीचा खणखणाट कमी होतो, तेवढ्यासाठी लावा. कोपऱ्यांत रॉकवूलचे चांगले जाड पॅनल उभे केले तर फरक पडतो, तोही वरच्या बेसला जास्त आणि सबला थोडा. पैसे नसतील तर एक हेडफोन धरा आणि त्याच्यावर रोज ओळखीची गाणी ऐका, महागाचा असलाच पाहिजे असं नाही, सवयीचा असला पाहिजे. पाच इंची स्पीकर असतील तर ५० च्या खाली त्यांच्यातून फारसं काही येत नाही हे धरूनच चाला, ते दिसायला स्क्रीनवर मीटर हवा.

शेजाऱ्यांचाही विचार याच यादीत. सबचा आवाज स्लॅबमधून खाली जातो, वरच्या खोलीत तुम्हाला हळू वाटत असलं तरी खालच्या काकूंच्या कपाटाची काच थरथरत असते. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हेडफोनवर या. दिवसाही व्हॉल्यूम एका जागी ठरवून त्यावर खूण करून ठेवा, कारण कमी आवाजात कानाला बेस कमीच ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, आणि तुम्ही दर दहा मिनिटांनी व्हॉल्यूम बदललात तर दर दहा मिनिटांनी किक वेगळीच वाटणार. आणि गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जायची शक्यता असते, डेस्कटॉप असेल तर यूपीएस तरी ठेवा किंवा बुधवारी रात्रीच सेव्ह करून मोकळे व्हा.

कान तयार करायला आपल्याकडे जी सोय आहे ती बाकीच्यांकडे नाही. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत संध्याकाळी नदीपात्रात पथकांचा सराव चालू असतो, तिकडे जा. ढोलाच्या अगदी जवळ उभं राहिलं की टिपरूचा टणका आधी कानात बसतो, मग थापेचा घुमार. तसंच ऐकत ऐकत लांब जात राहा, पुलावर या, टिपरू हळूहळू विरत जातं आणि थाप तेवढी राहते. किकचे दोन्ही भाग हेच आहेत, वरचं टोक जवळून कळतं, खालचं वजन लांबपर्यंत पोचतं. आणखी एक ऐका, थाप जोरात पडली की पान त्या क्षणी ताणलं जातं, सूर किंचित चढा लागतो आणि लगेच खाली येतो. सिंथमध्ये आपण पिच एन्व्हलप (वेळेनुसार सूर वर-खाली नेणारी रेष) लावतो ते हेच, फक्त कितीतरी पट वाढवून. हे एकदा कानाने पकडलं की स्क्रीनवरची ती वक्र रेष कशासाठी आहे हे वेगळं शिकावं लागत नाही.

आता सामान. साधा स्वच्छ साइन देणारा कुठलाही सिंथ चालतो, व्हायटल फुकट मिळतो, एबलटन या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटर आहे, तशाच एफएलमध्ये थ्रीएक्स ऑस्क आहे, किकसाठीचे खास प्लगिन (अशा सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) नंतर घ्या, आधी हाताने करून बघा. स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते) बघायला व्हॉक्सेंगोचा स्पॅन, तोही फुकट. आणि ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार दाखवणारा) हवाच हवा, याच्यावर मी अडून बसेन, कारण किकचा आकार डोळ्याला दिसतो तेव्हा किक आणि बेस कुठे एकमेकांना खातायत ते लगेच कळतं. त्याच प्रोजेक्टमध्ये तुमच्या प्रकारातली दोन-तीन गाणी आणून ठेवा आणि त्यांचा आवाज तुमच्या किकएवढा खाली आणा, मास्टर झालेलं (बाहेर काढण्याआधी शेवटचा हात फिरवलेलं) गाणं तुमच्यापेक्षा जोरात असतं आणि जे जोरात ते कानाला चांगलंच वाटतं, त्या नादात माणूस विनाकारण स्वतःची किक चेचत बसतो. आणि मनात एक नमुना पक्का करा. रोलंडच्या १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनची किक म्हणजे लांब घुमणारी जवळजवळ साइनच, तिला सुराचा नॉबसुद्धा नव्हता, आणि १९८३ च्या ९०९ ला सूर, टोक, लांबी सगळ्याचे वेगळे नॉब, वरून खाली घसरणारा कडक ठोसा. तुम्हाला कुणाच्या जवळ जायचंय ते आधीच ठरवा, दोन्ही एका किकमध्ये कोंबायला गेलं की एकही मिळत नाही.

सिंथ उघडल्यावर पहिलं काम, फेज रँडम (लाट कुठून सुरू होणार ते दर वेळी बदलणारा नॉब) शून्यावर. व्हायटलमध्ये आणि सिरम या सिंथमध्ये तो आपोआप पूर्ण उघडा असतो, म्हणजे दर वेळी लाट वेगळ्याच जागेवरून सुरू होते आणि एक किक टणक दुसरी मऊ असं होत राहतं, आणि माणूस कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार दाबणारा) लावून ते दुरुस्त करायला बघतो. लाट शून्यापासून सुरू करा, टोक हवं असेल तर ते वेगळं देता येतं. सूर जीवर म्हणजे ४९ वर ठेवा आणि पिच एन्व्हलप वर न्या, २४ सेमीटोन (बारा सेमीटोनांचं एक सप्तक) म्हणजे १९६ पासून खाली येणार, ३६ म्हणजे ३९२, ४८ म्हणजे ७८४. मी ३६ च्या आसपास सुरू करतो. आता खाली यायचा वेग, इथेच किक होते किंवा बिघडते: पहिला तुकडा दहा-पंधरा मिलिसेकंदांत झपकन पडला पाहिजे आणि उरलेलं अंतर साठ-ऐंशीत हळू, म्हणजे रेष सरळ नको, आधी कड्यासारखी आणि मग उतारासारखी. सगळंच हळू पडलं तर लेझरसारखं "प्यूं" ऐकू येतं, सगळंच झटकन पडलं तर नुसता टिचकीचा आवाज आणि मागे गुणगुण, मधला ठोसा गायब, कारण तो ठोसा म्हणजे लाट १०० ते २०० मध्ये जो वेळ घालवते तोच. त्या एका रेषेवर वेळ द्या, कंटाळा येईपर्यंत द्या. शेवटी शेपटाला पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू शून्यावर नेणं), नाहीतर संपताना टक वाजतं.

सॅच्युरेशन (आवाज किंचित चेपून त्यात वरच्या लाटा भरणं) तयार ठेवा पण फोनसाठी काम करायचं असेल तेव्हा थोडं जास्त. फोनचा स्पीकर ४९ वाजवत नाही, पण सॉफ्ट क्लिपर (लाटेचे माथे हळूच छाटणारा) लावला की १४७, २४५ अशा वरच्या लाटा तयार होतात आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर ताडतो. इक्वलायझर (ठराविक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करणारा) मात्र शक्यतो लांब ठेवा. आपणच बनवलेल्या आवाजात ३०० हर्ट्झला डबा वाजल्यासारखं येतंय तर तो कापण्यापेक्षा एन्व्हलपमध्ये जाऊन तिथला वेळ कमी करा. आणि सवयीने तीसवर कडक हाय पास (खालचं कापणारा फिल्टर) टाकतात तो टाकू नका, त्याने फेज (लाटांची एकमेकांशी असलेली वेळ) फिरतो, ऑसिलोस्कोपवर आधी आणि नंतर बघा, पीक (लाटेचा सगळ्यात उंच माथा) वर गेलेलं दिसेल, आणि लिनियर फेजवाला (फेज न फिरवणारा) घेतला तर किकच्या आधीच बारीक घुमार येतो.

बेस आल्याशिवाय किक झाली असं म्हणू नका. दोन्ही मोनोमध्ये (डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज), निदान १२० च्या खालचं तरी, आणि बेसची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी-सुलटी करून ज्या बाजूला जास्त भरीव वाटतं ती ठेवा, एवढ्याने कधी कधी साइडचेनची (किक वाजताना बेस आपोआप दाबायची) गरजच उरत नाही. किकचं पीक उणे आठ ते उणे सहा डीबीच्या दरम्यान ठेवून बाकीचं त्याभोवती बसवा, मास्टरला जागा राहते.

मग २४ बिट वेव्ह फाइलमध्ये काढा, नावात सूर, टेम्पो आणि लांबी तिन्ही लिहा, सिंथचा प्रीसेटही (सेव्ह केलेली मांडणी) त्याच नावाने. मित्राच्या गाडीत, ब्लूटूथ स्पीकरवर, फोनवर, आणि शेजारच्या खोलीत दार लावून, असं सगळीकडे ऐका, पण एका ठिकाणी खटकलं म्हणून लगेच बदलू नका, दोन-तीन ठिकाणी तेच खटकलं तरच. आणि बदलायला बसलात तर आधी लांबीला हात लावा, मग पिचच्या रेषेला, मग आवाजाला, प्लगिन सगळ्यात शेवटी.