धारण तलावाचा गाळ काढण्याआधी: महापालिकेने कामाचा क्रम कसा लावावा

नवी मुंबईचा मोठा भाग उधाणाच्या भरतीपेक्षा खाली किंवा जेमतेम तिच्या पातळीवर आहे. म्हणून सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले. ओहोटीला फ्लॅप गेट (फक्त खाडीच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा) उघडतात आणि पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्या दाबाने गेट मिटतात आणि तेवढे तास पाणी तलावात साठतं. गेट गंजली की खारं पाणी, गाळ आणि तिवराची बी आत येते. काही वर्षांत तलावात खारफुटी उभी राहते, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. मग एकीकडे "आमच्या घरात पाणी शिरतं" आणि दुसरीकडे "खारफुटी वाचवा" अशी भांडणं लागतात. खरं तर दोघांचंही बरंचसं काम एकही झाड न तोडता होतं. अट एवढीच, की कामाचा क्रम नीट हवा.

सुरुवात हिशेबाने करा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. 100 हेक्टरच्या सिमेंटी वस्तीवर तासाभरात 50 मिलिमीटर पडला आणि त्यातला 80 टक्के वाहून आला, तर 40,000 घनमीटर होतात. 8 हेक्टरच्या तलावात गेटच्या उंबऱ्यावर, म्हणजे झडपेच्या तळकडेच्या वर, अर्धा मीटर जागा मोकळी असेल, तर तो तासाभरातच भरतो. गेटच्या उंबऱ्याखालचा गाळ काढून साठवण वाढत नाही, कारण तिथलं पाणी ओहोटीलाही बाहेर पडत नाही. निविदेत मात्र नेमकं "खोलीकरण" लिहिलेलं असतं. पैसा उंबऱ्याच्या वरच्या गाळावर लावा.

आता पाणी कुणाच्या घरात शिरतं ते शोधा. ॲपवरच्या तक्रारींवर विसंबू नका. तक्रार सोसायटीचा सेक्रेटरी करतो, गावठाणातल्या खालच्या गल्लीतली भाडेकरू बाई करत नाही. प्रभागात घरोघर फिरा, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा टेपने मोजा आणि घराचा उंबरा रस्त्यापेक्षा किती खाली आहे ते लिहा. काँक्रीटीकरणात रस्ता वीतभर उंच झाला की जुनी घरं आपोआप खड्ड्यात जातात. अशा घरांचं पाणी तलाव कितीही मोकळा असला तरी निघत नाही. तिथे आधी गल्लीची गटारं आणि नाल्याची जोडणी, तलाव नंतर.

तिसरं काम गेटचं. हे सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. दोन वेळा पाहणी करा: पूर्ण ओहोटीला झडप सहज उघडते का, आणि भरतीला कडेने पाणी आत झिरपतं का. बिजागरी गंजलेली असते, रबरी पट्टी फाटलेली असते किंवा फटीत प्लास्टिक अडकलेलं असतं. एक बाटली पुरते झडप उघडी ठेवायला. समोर जाळी बसवा आणि ती साफ करायला पावसाळ्यात रोजचा माणूस नेमा. वार्षिक कंत्राटात नुसतं "आवश्यकतेनुसार सफाई" लिहिलं की ती होत नाही.

पण गेट बारा महिने घट्ट बंद ठेवलं तर आतली खारफुटी सुकते, निवट्या-चिंबोऱ्या जातात, डासही वाढतात. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या तेव्हा तलाव कोरडा पडत गेला आणि फ्लेमिंगोंचं खाणं हटलं. म्हणून ऑक्टोबर ते मे भरतीचं पाणी मोजून आत घ्यायचं आणि पावसाळ्यात गेट मिटू द्यायचं. त्यासाठी झडपेशेजारी हाताने चालणारं वेगळं दार लागतं, ते दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच धरा.

गाळ काढायचाच असेल तर खारफुटी नसलेल्या मधल्या वाटेतला काढा. सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि गरज असेल तिथे उच्च न्यायालयात अर्ज पावसाळा संपताच करा; फेब्रुवारीत केलेला अर्ज मेपर्यंत निघेल या आशेवर राहू नका. बिल डंपरच्या खेपा मोजून देऊ नका. कामाआधी आणि नंतर 10 मीटर अंतराने तळाच्या पातळ्या घ्या, फरकाचेच पैसे द्या. काढलेला गाळ खाडीकाठी किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत ओतला तर पूर फक्त पुढच्या गल्लीत सरकतो.

दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय कार्यादेश काढू नका. सभा सकाळी अकराला महापालिका मुख्यालयात ठेवली तर कुणी येणार नाही. उधाणात जाळी पाण्यात असतात; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटी असते, तेव्हा लोक घरी भेटतात. सभा कोळीवाड्यातच घ्या, बायकांना वेगळं विचारा. कालवं, चिंबोऱ्या वेचणाऱ्या बऱ्याचदा त्याच असतात आणि होडीच्या नोंदीत त्यांचं नाव नसतं. किती दिवस कुठला मार्ग बंद राहील, मासळीचं किती नुकसान धरलं आणि ते कोण भरेल, हे काम सुरू होण्याआधी लेखी द्या. "नंतर बघू" म्हटलं की विषय वर्षानुवर्षं लोंबकळतो, आणि पुढच्या चांगल्या कामालाही कुणी सही करत नाही.

रोपलागवडीचे फोटो काढायचा मोह आवरा. ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर तिवर लावलं की फ्लेमिंगोंची चरण्याची जागा आणि मासेमाराची पायवाट दोन्ही जातात. भरतीचं पाणी पोचत असेल तर तिवर आपोआप उगवतं. पोचत नसेल तर लावलेलंही मरतं. लागवडीचा निधी पाण्याची वाट मोकळी करण्यावर खर्चा.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्याच घरांच्या भिंती पुन्हा मोजा. खुणा खाली आल्या असतील तर तो आकडा प्रभाग कार्यालयाबाहेर लावा. आल्या नसतील तरीही लावा, गल्लीनिहाय.