कॉलेजात लोकधोरणाचं अभ्यास केंद्र कसं सुरू करावं

लासलगावला कांद्याचे लिलाव बंद पडले की नाशिकच्या कॉलेजातही ते जाणवतं. निफाड, चांदवड, येवल्याकडची मुलं त्या दिवशी वर्गात गप्प असतात, घरून फोन आलेला असतो. पण ज्या अधिसूचनेमुळे लिलाव थांबले, ती त्यांच्यापैकी कुणी वाचलेली नसते. शिकवताना मला हे फार खुपत आलं आहे. लोकधोरणाचं, म्हणजे सरकारी निर्णय कसे होतात आणि कुणावर काय परिणाम करतात हे अभ्यासणारं, केंद्र कॉलेजात हवं ते यासाठीच.

माणसं जमवा

दहा-बारा विद्यार्थी, एक शिक्षक, ग्रंथालयातलं एक टेबल आणि आठवड्यातला ठरलेला दीड तास, एवढ्यावर सुरुवात होते. प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या. गट मात्र एकाच शाखेचा नको. आकडे वाचणारं कॉमर्सचं कुणी, घरी शेती असलेलं कुणी आणि नेटकं मराठी लिहिणारं कुणी, असे सगळे हवेत. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. केंद्राचं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीलाच विचारा.

एका सत्रात एकच प्रश्न घ्या

‘शेती धोरण’ हा विषय होत नाही. ‘डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीचा फटका कुणाला किती बसला’ हा होतो. तारखा मांडून बसा. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही हटलं.

आता खरा अभ्यास. शुल्क अर्थ मंत्रालय लावतं, निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, आणि किरकोळ भावाची चिंता ग्राहक व्यवहार मंत्रालयाला असते. ‘सरकारने केलं’ या दोन शब्दांत तीन कार्यालयं दडलेली आहेत. दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळते: डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो टिकत नाही. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवून काही महिने थांबवता येतो, लाल कांदा मिळेल त्या भावात द्यावाच लागतो. म्हणजे तोच आदेश महिना बदलला की वेगळ्या माणसाला मारतो. हे विद्यार्थ्याने स्वतः शोधलं की त्याला धोरण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शहरातला प्रश्न हवा असेल तर नाशिक महापालिकेची सिटीलिंक बससेवा घ्या. 2021 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि तिकिटातून न भरलेली तूट महापालिका सोसते. मग संध्याकाळच्या क्लासनंतर मुलींना बस मिळावी म्हणून फेरी वाढवायची, तर तिचा खर्च कोण आणि किती उचलणार?

शासन निर्णय वाचायला शिका

शासन निर्णय, म्हणजेच जीआर, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात आणि त्यांची बांधणी ठरलेली असते. ‘वाचा’खाली आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. ‘वाचा’मधला प्रत्येक जुना निर्णय काढून बघा, योजनेचा सगळा प्रवास तिथे सापडतो. नंतर लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातल्या ज्या नोंदीखाली हा खर्च पडणार ती, शोधा. घोषणा मोठी असेल आणि पैसा कुठून येणार हेच कुठे दिसत नसेल, तर तिथेच पेन्सिलीने खूण करा.

बाहेर पडा, मग माहिती मागा

आडते, मापारी, हमाल, निर्यातदार आणि भाजी घेणारी गृहिणी, या सगळ्यांशी बोला. गावाकडच्या मुलांनी ग्रामसभेला बसावं. कागद लागला तर माहितीचा अधिकार आहे, पण आधी कलम 4 खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केलंय ते पाहा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. ‘का केलं’ विचारू नका, ‘अमुक ठरावाची प्रत द्या’ असं मागा.

दोन पानांचं टिपण लिहा

पहिल्या वर्षी मी मुलांकडून वीस पानं लिहून घेतली होती. अधिकाऱ्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. चूक माझी होती. तेव्हापासून दोनच पानं: प्रश्न, आकडे, दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि तो कोण सोसणार, शेवटी शिफारस. महापालिकेसाठीचं टिपण डिसेंबरातच पोचवा. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे गेल्यावर जागा फारशी उरत नाही.

पुढच्या संधी

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला वय 21 ते 26, पदवीला किमान 60 टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागत आला आहे. त्या अनुभवात इंटर्नशिपही धरली जाते, म्हणून प्रमाणपत्रं पहिल्या वर्षापासून जपा. लॅम्प फेलोशिपमध्ये पदवीधर एका खासदारासोबत संसदीय काम करतात. नीती आयोगाची इंटर्नशिप बिनपगारी आहे, दिल्लीत राहायचा खर्च घरी बोलूनच अर्ज करा. पुढे शिकायचं तर पुण्याची गोखले संस्था, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) आणि आयआयटी मुंबईतलं धोरण अभ्यास केंद्र जवळ आहेत. अटी बदलतात, त्या वर्षीची जाहिरात बघून घ्या. मुलाखतीला जाताना ते दोन पानी टिपण सोबत न्या.

एक राहिलं. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या अभ्यास केंद्राच्या नव्हे, नागरिकाच्या नावानेच करावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते, आणि पहिलं अपीलही उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं. मार्चमध्ये अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत परीक्षा आणि सुट्टी सुरू होते. तेव्हा अर्ज सुट्टीत नाशकातच राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावाने करा आणि सगळ्या प्रतींची फाइल ग्रंथपालांकडे ठेवा. जूनमध्ये नवी मुलं आली की त्यांच्या हाती पहिली तीच द्यायची.