मेंढीच्या दुधाची तयारी विण्याच्या दीड महिना आधी

मेंढी साधारण 147 ते 150 दिवस गाभण राहते. धुळे-साक्री-शिंदखेड्याच्या माळावर पहिल्या पावसानंतर हिरवळ आली की मेंढ्या माजावर येतात. 1 जुलैला फळलेली मेंढी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विते. खरी अडचण विण्याआधीच्या दीड महिन्यात असते. पोटातल्या कोकराची साधारण 70 टक्के वाढ तेव्हाच होते आणि कासही त्याच वेळी तयार होते. नेमकं तेव्हाच माळाचं गवत वाळलेलं आणि कपाशी उभी, म्हणून रान मोकळं मिळत नाही.

आधी नर बघा. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाचा फटका जूनच्या शेवटी दिसतो. मे लागताच त्याची लोकर कातरा, दुपारी निंबाखाली बांधा, रोज 300 ग्रॅम खुराक द्या. त्याच्या खुराकात सरकीची ढेप जास्त नको; सरकीतला विषारी घटक नराची फळवण्याची ताकद कमी करतो. 30 ते 35 मेंढ्यांना एक नर पुरे.

नर सोडण्याआधी दोन आठवडे मेंढ्यांना भरडा सुरू करा. 50 ग्रॅमपासून वाढवत 250 ग्रॅमवर न्या. एकदम ओंजळभर टाकला तर पोट बिघडून मेंढी आडवी पडते. नराच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा. ज्या मेंढीच्या पाठीमागे लाल डाग, ती भरली. माज साधारण 17 दिवसांनी फिरतो, तेव्हा 17 व्या दिवशी रंग बदला. नवा रंग पाच-सहा मेंढ्यांवर दिसला तर चालेल. निम्म्या कळपावर दिसला तर दोष नरात आहे, तो लगेच बदला.

भरड्याचा 10 किलोचा हिशेब असा: मका किंवा ज्वारी 5 किलो, सरकी ढेप अडीच किलो, तूर चुनी 2 किलो 300 ग्रॅम, मीठ आणि क्षारमिश्रण प्रत्येकी 100 ग्रॅम. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरडायला परवडत नाही, मकाच बरा. शेवटच्या दीड महिन्यात मेंढीमागे रोज 250 ग्रॅम द्या, जोडीला बाभळीच्या शेंगा आणि तुरीचा भुसा. याच काळात आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लसही टोचून घ्या. जुळी पोटात असलेली मेंढी कळपामागे राहू लागली, खाईना, दात खाऊ लागली तर ती उपासमारीने आजारी आहे. गुळाचं पाणी पाजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मेंढी व्याली की दोन्ही सडांतली पहिली धार जमिनीवर पिळा, सडाच्या तोंडाशी मेणासारखा बोळा असतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. कोकराला पहिल्या दोन तासांत चीक मिळायला हवा; अडीच किलोच्या कोकराला दिवसभरात निदान पाव लिटर. डिसेंबरच्या रात्री वाड्याच्या वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करा. गारठलेलं कोकरू ओढायचं सोडतं, आणि न ओढलेली कास आटत जाते.

दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं. तोवर भरडा 300 ग्रॅम, जुळ्यांच्या आईला 400. दिवसाला सहा-आठ लिटर पाणी लागतं. पाणी तुटलं की आधी दूध घटतं. फलटणच्या नारी सुवर्ण जातीत जुळी जास्त होतात, पण हा खुराक जमणार नसेल तर आपली दख्खनीच बरी.

संध्याकाळी कोकरांची पोटं बघा. पाठ वाकवून, पोट खपाटीला जाऊन उभं राहिलेलं कोकरू उपाशी असतं. मेंढी मागचा पाय ओढत चालली तर काटा शोधण्याआधी कासेला हात लावा. एक बाजू गरम, दगडासारखी लागली तर ती दगडी, म्हणजे कासेचा दाह.

पंधराव्या दिवसापासून कोकरांना शेवरीचा पाला नि थोडा भरडा वेगळा ठेवा. 90 दिवसांनी कोकरं आईच्या दुधापासून तोडा. तोडण्याआधी चार दिवस आईचा भरडा बंद करा. नंतर कास ताठली तरी पिळत बसू नका, पिळल्याने दूध उतरत राहतं.