बोअरच्या पाण्यातलं युरेनियम नेमकं कुठल्या रूपात आहे, हे कसं शोधायचं

पंजाबातल्या भटिंडा, मानसा भागात बोअरच्या पाण्यात युरेनियम सापडतं हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. रिपोर्टवर एकच आकडा येतो, अमुक इतके मायक्रोग्रॅम प्रति लिटर, आणि तो ३० च्या वर गेला (डब्ल्यूएचओची मर्यादा तेवढी आहे) की लोक घाबरतात, साहजिकच आहे. पण तो आकडा एकूण युरेनियमचा. ते पाण्यात कोणाशी जोडी जमवून फिरतंय हे त्यातून कळत नाही, आणि मातीत अडकून राहणार की वाहत बोअरपर्यंत येणार हे तर त्या जोडीवरच ठरतं.

अर्धं काम बोअरपाशीच होतं. पाइपात साचलेलं पाणी आधी जाऊ द्या, पीएच, तापमान, ओआरपी (पाणी ऑक्सिडीकरण करणारं आहे की क्षपण करणारं, हे सांगणारं मिलिव्होल्टमधलं माप), विरघळलेला ऑक्सिजन ही रीडिंग्ज स्थिर झाली की मगच सॅम्पल घ्या. अल्कलिनिटी (पाणी किती आम्ल रिचवू शकतं ते, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) तिथेच टायट्रेट करा, म्हणजे आम्ल थेंबाथेंबाने घालत मोजा, पीएच ४.५ पर्यंत, घरी नेऊन नको, कारण पाणी वर आलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि कधी कधी बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बसला की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही चुकले, आणि आपल्याला नेमके तेच दोन आकडे सगळ्यात जास्त लागतात.

बाटल्या दोन. दोन्हींसाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळायचं. एकीत नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली न्यायचा, ती युरेनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमसाठी. दुसरी बिनअ‍ॅसिडची, काठोकाठ भरलेली, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइडसाठी. अ‍ॅसिडवाल्या बाटलीत कार्बोनेट जोड्या तुटलेल्या असतात, तेव्हा तिच्यातून रूप शोधायला जाऊ नका. एलईडी फ्लोरिमीटरचंही (प्रकाश टाकून युरेनियमची चमक मोजणारं यंत्र) तसंच, त्यात सोडियम पायरोफॉस्फेट घालून सगळं युरेनियम मुद्दाम एकाच रूपात आणतात, त्यामुळे एकूण आकडा छान मिळतो पण मूळचं रूप पुसलं जातं.

मग रूप कळणार कसं? बहुतेक वेळा हिशोबाने. त्यासाठी व्हिज्युअल मिन्टेक किंवा यूएसजीएसचं (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) फ्रीक-सी (PHREEQC) हे कॉम्प्युटर प्रोग्राम आहेत, दोन्ही फुकट. आकडे भरताना अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेट म्हणून आहे की बायकार्बोनेट म्हणून ते नीट बघा, कारण पहिल्या हिशोबातले ३०० म्हणजे दुसऱ्यातले ३६६. ओआरपीचं रीडिंगही तसंच टाकायचं नाही, सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड असेल तर साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवायचे. चार्ज बॅलन्सचा, म्हणजे धन आणि ऋण आयनांच्या एकूण भारातला, फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जाऊच नका, आधी लॅबचे आकडे तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई करू नका प्लीज. प्रोग्रामचा डेटाबेस (कुठली जोडी किती घट्ट जमते याच्या स्थिरांकांची यादी) उघडून त्यात कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेटच्या जोड्या आहेत का ते शोधा (युरेनिल म्हणजे दोन ऑक्सिजन जोडलेलं युरेनियम). जुन्या डेटाबेसमध्ये त्या नसतात, आणि मग प्रोग्राम बिनदिक्कत सांगतो की सगळं युरेनिल ट्रायकार्बोनेट आहे, चार ऋण भार असलेलं. खरं तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असलेल्या ऑक्सिजनवाल्या पाण्यात बरेचदा दोन कॅल्शियमवाली, भार नसलेली जोडी सगळ्यात जास्त असते, आणि ती लोहाच्या ऑक्साइडला फारशी चिकटत नाही, म्हणूनच युरेनियम मातीत न थांबता पाण्याबरोबर पुढे जातं. डेटाबेसमध्ये नसेल तर डाँग आणि ब्रूक्स या संशोधकांनी २००६ साली मोजलेले या जोड्यांचे स्थिरांक हाताने घाला आणि पुन्हा चालवा, मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल.

खोल, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात गोष्ट वेगळी, तिथे युरेनियम चार संयुजेचं होऊन खाली बसतं, विरघळलेलं फार थोडं उरतं. असं पाणी वाटलं तर हवा लागू न देता सॅम्पल घ्या. आणि ०.४५ च्या फिल्टरमधून बारीक कलिल कणही निसटतात, शंका असेल तर १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून (याची भोकं त्याहून खूप बारीक असतात) थोडं पाणी काढून युरेनियम परत मोजा, आकडा पडला तर तेवढं कणांवर बसलेलं होतं.

रिपोर्ट लिहिताना प्रत्येक रूपाच्या टक्केवारीशेजारी पीएच, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि वापरलेल्या डेटाबेसचं नाव द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोच हिशोब पुन्हा करून बघता येईल.