लाइट घ्यायला लागलात? आधी लाली ओळखायला शिका

कोपरं, गुडघे आणि कमर, तिन्हीकडे माझे सोरायसिसचे चट्टे अकरा वर्षांचे. मलमांना जे जमलं नाही ते लाइटच्या, म्हणजे मशीनमधून अंगावर अतिनील किरण घ्यायच्या नॅरोबँड यूव्हीबी उपचाराच्या, 28 सेशननी केलं. मधे नवव्या सेशनला मात्र माझी चूक झाली.

आदल्या वेळेनंतर पाठ चुरचुरत होती. सिस्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "मागच्या वेळी काही त्रास?" किरणांचा डोस कमी करतील या धास्तीने मी "नाही" म्हणाले. त्यांनी डोस वाढवला. रात्री पाठ अशी पोळली की उताणं झोपता येईना. दहा दिवस उपचार बंद. भाजलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीवर सोरायसिसचे नवे चट्टे उठू शकतात. माझ्या पाठीवर दोन उठले.

म्हणून सांगते, यूव्हीबीची लाली मशीनमधून बाहेर पडल्या पडल्या दिसत नाही, 12 ते 24 तासांत चढते. रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाठ, पोट, मांड्या नीट बघा. कातडी सावळी असेल तर रंगावर विसंबू नका. तळहाताची मागची बाजू लावून ऊब बघा, कपडा घासला की झोंबतं का ते बघा. तारीख टाकून वहीत लिहा आणि वही सिस्टरांपुढे ठेवा. पुढचा डोस त्यावरच ठरतो.

सेशन साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून असतं. माझं पहिलं एक मिनिटाचंही नव्हतं. एवढ्याशाने काय होणार, असं वाटतं. पण 311 नॅनोमीटरच्या आसपासचे हे किरण भराभर वाढणाऱ्या पेशींचा वेग हळूहळूच कमी करतात. मला फरक जाणवला तो बाराव्या सेशननंतर, तोही आधी खाज कमी झाली म्हणून. सेशन चुकली तर आपल्या मनाने जास्त वेळ मागू नका. मोठा खंड पडला की डोस उलट खाली आणावा लागतो.

जाताना अंगावर जाड मलम नको, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं तर नकोच, ते किरण अडवतं. कॅल्सिपोट्रिऑल हे सोरायसिसचं मलम सेशननंतर लावा. खपल्या कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, खरवडू नका. गॉगल शेवटपर्यंत डोळ्यांवर, पुरुषांनी जननेंद्रियं झाकायची. आतले कपडे दरवेळी त्याच मापाचे घाला. मधेच केस बारीक कापलेत तर सिस्टरांना सांगा, कारण मानेची जी कातडी आजवर झाकलेली होती ती पहिल्याच फेरीत भाजते. नवी गोळी सुरू झाली तरी सांगायचं. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांनी कातडी उजेडाला हळवी होते.

पूवा ही दुसऱ्या प्रकारची लाइट, ती वेगळी. तिच्यात आधी कातडी उजेडाला हळवी करणारं सोरॅलेन हे औषध घ्यावं लागतं, आणि ते गोळीतून घेतलं तर पुढचे 24 तास उन्हापासून डोळे आणि कातडी दोन्ही जपावी लागतात.

मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल तर सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत "रविवार" लिहून ठेवलं होतं. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

आणि सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडत असतील, टाच दुखत असेल, तर तेही त्याच वहीत लिहा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, आणि तिथे लाइट पोचत नाही.