लहान मुलांसह घर बदलताय? आधी मुलांचा दिवस लावा, घर मागाहून लागेल

लातूर, सांगली, नगरकडची किती तरी कुटुंबं नोकरीपायी पुण्याला येतात आणि वाकड, हिंजवडी, खराडीच्या एखाद्या उंच इमारतीत भाड्याने बिऱ्हाड थाटतात. गावाकडे आजी-आजोबा, अंगण आणि हाकेसरशी येणारी शेजारीण. इकडे नववा मजला आणि सगळ्यांची बंद दारं. मोठी माणसं पंधरवड्यात सरावतात, कारण हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते त्यांना ठाऊक असतं. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला ते उमगत नाही. सकाळी दूध कोण देतं, दुपारी कुठे झोपायचं, संध्याकाळी कोणाशी खेळायचं, एवढ्यालाच ते घर म्हणतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे. पडदे, शोकेस, देवघराची जागा, सगळं राहू द्या. मुलाच्या उठण्याच्या, जेवण्याच्या आणि झोपण्याच्या वेळा मात्र पहिल्या दिवसापासून जुन्याच चालू ठेवा. पुढे जे काही सांगितलंय ते त्यासाठीच.

१. आधी सांगा आणि खरं सांगा

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घर पक्कं झालं की लगेच सांगावं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगितलं तरी पुरतं, त्याला महिनाभर पुढचं कळत नाही. सांगताना काय सोबत येणार आणि काय मागे राहणार, दोन्ही सांगा. ‘तुझी सायकल येणार, गोधडी येणार, आपण तिघं येणार. आजी-आबा इथेच राहणार, दिवाळीला आपण त्यांच्याकडे येणार.’ नव्या घराची नुसती तारीफ करू नका. तिकडे बाग आहे, लिफ्ट आहे, खूप मज्जा येईल असं महिनाभर ऐकलेलं मूल पहिल्याच संध्याकाळी ‘चला आता घरी’ म्हणतं, तेव्हा सगळ्यांचाच हिरमोड होतो.

आणि गमतीतसुद्धा ‘रडलास तर तुला इथेच ठेवून जाऊ’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. पाहुणे हटकून म्हणतात. खोके भरताना रोज बघणाऱ्या मुलाला ते खरंच वाटतं.

२. मुलांचा खोका वेगळा, आणि तो ट्रकमध्ये नाही

हा खोका किंवा बॅग तुमच्यासोबत गाडीत ठेवा. त्यात पांघरूण, उशी, रोजची वाटी आणि चमचा, पाण्याची बाटली, आवडतं खेळणं, दोन दिवसांचे कपडे, थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, लसीकरणाचं कार्ड हे सगळं असू द्या. गोधडी आणि उशीचा अभ्रा निघण्याआधी धुऊ नका. घर सोडताना सगळं स्वच्छ धुऊन न्यावं असं आपल्याला वाटतं, पण त्या गोधडीला आजीच्या घरचा, तेलाचा, झोपेचा वास असतो. अनोळखी खोलीत मूल नाक खुपसून झोपतं ते त्या वासावर. महिनाभराने खुशाल धुवा.

याच खोक्यात किलोभर तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ, तूप, मीठ, हळद आणि छोटा कुकर टाका. पहिल्या रात्री मोठ्यांनी बाहेरून मागवलं तर चालेल, मुलाला मात्र ओळखीचा मऊ खिचडी-भात मिळाला पाहिजे. गॅसचं आधी बघून ठेवा. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीकडे जमा करून कागद घ्यावा लागतो आणि तो दाखवून नव्या ठिकाणी जोडणी मिळते. मधले काही दिवस इंडक्शनवर काढावे लागतात. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, लोहचुंबक बुडाला चिकटतो का ते घरीच पाहून घ्या.

खेळणी भरताना मुलाला शेजारी बसवा. चाक तुटलेली गाडी तुमच्या लेखी कचरा असते. ती त्याला न विचारता टाकलीत तर बाकीचं काय काय टाकलं असेल, या चिंतेत ते राहतं. आवराआवर करायचीच असेल तर नव्या घरी दोन महिन्यांनी करा.

३. मुलं येण्याआधी घर गुडघ्यांवर बसून बघा

हे काम किल्ली मिळाल्याच्या दिवशी करायचं, सामान येण्याआधी. खरोखर खाली बसा आणि प्रत्येक खोलीतून रांगत फिरा. उभ्याने न दिसणारं बरंच काही दिसतं: उघडा प्लगपॉइंट, बाहेर आलेला खिळा, ओट्याखालच्या कपाटात आधीच्या भाडेकरूने सोडलेली फिनेलची बाटली, झुरळांची पेस्ट.

सगळ्यात जास्त वेळ गॅलरी आणि खिडक्यांना द्या. तळमजल्यावर किंवा वाड्यात वाढलेल्या मुलाला उंचीची भीतीच नसते, कारण उंची त्याने पाहिलेलीच नसते. रेलिंगच्या उभ्या सळ्यांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त असेल तर जाळी बसवून घ्या. सळ्या आडव्या असतील तर त्या मुलासाठी शिडीच असतात, तिथे जाळी हवीच. घरमालक भिंतीला भोक पाडायला कुरकुर करतात, म्हणून करार करण्याआधीच हे बोलून घ्या. गॅलरीत खुर्ची, कुंडीचा स्टँड, उपडी बादली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा असं चढता येईल असं काहीही ठेवू नका. सामान येतं त्या दिवशी रिकामे खोके सगळेजण गॅलरीतच रचतात. नेमका तोच दिवस धोक्याचा असतो. खिडकीला सरकती काच असेल तर नुसत्या डासांच्या जाळीवर विसंबू नका, मुलाच्या वजनाने ती निघते. पलंग खिडकीला लावू नका.

मग पाणी. नव्या जागी पाणी कधी येतं हे कळेपर्यंत आपण पिंपं, बादल्या भरून ठेवतो. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, त्यासाठी बादली भरलेलीही असावी लागत नाही. पिंपाला घट्ट झाकण, बादली रिकामी आणि उपडी, बाथरूमच्या दाराला वरून कडी. गिझरचं बटण ५० अंशांच्या आसपास आणा. ६० अंशांचं पाणी लहान मुलाच्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. बाथरूमच्या आणि बेडरूमच्या दारांना आतून दाबून बंद होणारं कुलूप असेल तर त्याच्या जादा किल्ल्या मागून घ्या किंवा ते कुलूप काढून टाका.

खोके उघडताना कटर आणि प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या जमिनीवर पडून राहतात. एकाने उघडायचं, दुसऱ्याने लगेच गोळा करायचं, अशी वाटणी करा. कपाटं आणि बुकशेल्फ भिंतीला स्क्रूने पक्की करा, ओढलेल्या कप्प्यांवर मुलं पाय देऊन चढतात.

४. सामान हलवण्याचा दिवस

मुलांना आजोळी ठेवायचं आणि लावलेल्या घरात थेट आणायचं, अशी पद्धत आहे. रांगत्या बाळासाठी ती ठीक. तीन वर्षांवरच्या मुलाने मात्र ट्रक भरताना थोडा वेळ तरी बघावा असं माझं ठाम मत आहे. आपला पलंग, आपली सायकल गाडीत चढताना डोळ्यांनी दिसली की ती हरवली नाही हे त्याला कळतं. रिकाम्या खोल्यांतून त्याला एक चक्कर मारू द्या, भिंतीला टाटा करू द्या. एक मोठं माणूस दिवसभर फक्त मुलासाठी राखून ठेवा. त्याच्याकडे हमालांचे पैसे, टेम्पोचा फोन असलं काहीही देऊ नका.

नव्या घरात पाऊल ठेवताना मुलाच्या हाती काम द्या. तुळशीचं छोटं रोप किंवा गणपतीची तसबीर त्यालाच आत नेऊ दे. दूध उतू जाऊ देण्याची रीत पाळत असाल तर त्याला कडेवर घेऊन, शेगडीपासून लांबून दाखवा.

५. पहिली रात्र

घरात पोचल्यावर पहिलं अंथरूण मुलाचं घाला, फ्रिज त्यानंतर. जुन्या घरी सगळे खाली गादी घालून एका ओळीत झोपत असाल तर इथेही तसेच झोपा. दुसरी बेडरूम मिळाली म्हणून ‘आता तू मोठा झालास, वेगळा झोप’ हे त्याच आठवड्यात सुरू करू नका. तेच दूध सोडवण्याचं, तेच डायपर सोडवण्याचं. एका वेळी एकच बदल, आणि सध्याचा बदल घर हाच आहे.

उजेडातच अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट मुलाबरोबर दोन-तीनदा चाला, दिव्याचं बटण कुठे आहे ते त्याला हात लावून दाखवा. रात्रभर तिथे झिरोचा दिवा राहू द्या.

मग आवाज. मोठ्यांना ते ऐकूच येत नाहीत. पहाटेची पाण्याची मोटर, लिफ्टची घरघर, वॉचमनची शिट्टी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. मूल दचकून उठतं आणि त्याला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आवाजांच्या शोधात निघा. वॉचमनकाकांना विचारून मोटरची खोली बाहेरून बघा, चालू करताना तो आवाज ऐका. रात्री पुन्हा मोटर लागली की ‘ही कोण बोलली?’ असं विचारा. आवाजाचा मालक कळला की भीती निम्मी होते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. पहिल्या आठवड्यात ती तुटतेच. म्हणून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना रात्री आठनंतर बोलावू नका. ‘घर बघायला येतो’ म्हणणाऱ्यांना रविवारी सकाळी या म्हणावं, कुणाला राग येत नाही.

६. दार ओळखायचं, माणसं ओळखायची

टॉवरमध्ये सगळे मजले हुबेहूब दिसतात, मूल चुकीच्या मजल्यावर उतरून चुकीचं दार वाजवतं. आपल्या दारावर मुलाच्या नजरेच्या उंचीवर त्याने काढलेलं चित्र चिकटवा. विंग, फ्लॅट नंबर आणि आईचा किंवा बाबांचा मोबाइल नंबर चालीत म्हणून पाठ करून घ्या. लिफ्टमध्ये एकट्याने जायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

पुष्कळ जण शाळेच्या सोयीने मे महिन्यात घर बदलतात. ते योग्यच, पण एक ध्यानात ठेवा: मेमध्ये सोसायटीतली मुलं गावी गेलेली असतात. बाग ओस पडलेली बघून ‘इथे कोणीच नाही’ असं मुलाचं मन घेतं. जूनमध्ये शाळा उघडल्या की सगळी येतील हे आधीच सांगा. रोज एकाच वेळी खाली न्या, पाच किंवा सहा, जी जमेल ती. बाकीच्या आया, आज्याही आपापल्या ठरावीक वेळीच येतात आणि रोज तेच चेहरे दिसले की ओळख आपोआप होते. चेंडू दोन न्या. सोसायटीतली मुलं हिंदी बोलत असतील आणि तुमचं मूल गप्प उभं राहत असेल तर भाषांतर करत बसू नका, खेळात ती अडचण मुलं स्वतःच सोडवतात. सोसायटीचा गणपती असेल तर आरतीला रोज खाली उतरा.

आजीचा व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी लावा, शक्यतो मुलाच्या जेवणाच्या वेळी. मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि आजीने पूर्वीसारखंच ‘हा घास चिऊचा’ म्हणायचं. झोपायच्या तोंडावर मात्र कॉल नको, तेव्हा आठवण जास्त येते.

७. डॉक्टर, लस, शाळा

मूल ठणठणीत असतानाच जवळचे बालरोगतज्ज्ञ शोधा आणि एकदा भेटून या, रात्री कुठे जायचं तेही त्यांनाच विचारा. लसीकरण कार्ड दुसऱ्या गावचं असलं तरी सरकारी केंद्रात लस मोफत मिळते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत आणि डीपीटीचा बूस्टर ५ ते ६ वर्षांत असतो. घर बदलण्याच्या गडबडीत हेच दोन हमखास राहतात. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेव्हाच पत्ताही बदलून घ्या.

पहिली ते आठवीतलं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत घालत असाल तर जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. शाळा सुरू होण्याआधी त्या रस्त्याने दोनदा चालत जाऊन या.

फ्रिजवर कागद लावा: रुग्णवाहिका १०८, कोणतीही आणीबाणी ११२, गॅसगळती १९०६, डॉक्टर, शेजारचे. घरकामाच्या मावशींना तो दाखवून ठेवा. सोबत तुमचा पूर्ण पत्ताही मोठ्या अक्षरात लिहा, कारण घाईत नव्या इमारतीचं नाव कुणालाच आठवत नाही.

८. मूल मागे गेल्यासारखं वाटलं तर

चड्डीत शी-शू होणं बंद झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, अंगठा चोखतं, बोबडं बोलतं, आईचा पदर सोडत नाही. घर बदलल्यावर हे नेहमीचंच आहे आणि बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतं. रागावू नका, पाहुण्यांसमोर त्याची चर्चा करू नका. चादरीखाली रबरशीट घाला आणि गप्प राहा. महिना उलटूनही ते चालूच असेल, मूल नीट खात नसेल, वजन घटत असेल किंवा खेळणंच सोडलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, तो घर बदलल्याचा परिणाम नसतो.

‘आपल्या घरी कधी जायचं?’ असं विचारलं की ‘हेच आता आपलं घर’ असं लगेच ठासून सांगू नका. ‘तुला आजीकडची आठवण येते ना, मला पण येते’ एवढं पुरे. आजीकडची पहिली फेरी दोन-तीन महिन्यांनी करा आणि निघण्याआधीच किती रात्री राहणार ते बोटांवर मोजून दाखवा. परत येताना मूल झोपलेलं असताना गुपचूप गाडीत घालून आणू नका. जागेपणी निरोप घेऊ द्या, रडलं तर रडू द्या. आणि शाळेच्या आदल्या रात्री पोचण्यापेक्षा एक दिवस आधी निघा.